एक गुण, एक खोड

आमचे अण्णा कबड्डी कानांनी बघत. सगळं गाव मैदानाकडे तोंड करून उभं असे आणि अण्णा मात्र मैदानाकडे पाठ करून लिंबाच्या पारावर बसत. तोंड ओढ्याकडे, डोळे मिटलेले, एक पाय लांब केलेला. तरुणपणी परतूरच्या एका सामन्यात त्यांच्या गुडघ्याचा चुरा झाला होता, तेव्हापासून तो पाय कायमचा लांबच राहिला. चढाईला गेलेला गडी 'कबड्डी, कबड्डी' करत असतो त्याला दम म्हणतात, आणि तो एका श्वासात टिकवावा लागतो. अण्णांना त्या दमावरून सगळं कळे. गडी कुठं चोरून श्वास घेतो, कुठं घाबरतो, कोणत्या पायावर भार देतो, कोपऱ्यातल्या गड्याला बघून त्याचा आवाज किती बारीक होतो. "डोळ्याला फसवता येतं, कानाला न्हाई," असं ते म्हणत. गाव हे मोठ्या कौतुकानं पाहुण्यांना सांगे, आणि मीही शाळेत सांगून भाव खात असे. माझे वडील आंधळ्यासारखे बसतात ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे, हे तेव्हा कोण मला सांगणार?

स्वतःचा खेळ संपल्यावर त्यांनी दुसऱ्यांचे गडी पारखायला घेतले होते. शहरात खेळाचं एक होस्टेल होतं, तिथले एक सर त्यांना ओळखत. दर पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांचा निरोप येई की अण्णा, एखादा गडी आहे का नजरेत. अण्णा आसपासची गावं पालथी घालत, आणि त्यांनी सांगितलेले गडी निवडलेही जात. पण आमच्या गावचा एकही गडी तिथवर पोचला नव्हता. ही सल त्यांना किती खोल होती ते त्यांच्या जेवणावरून कळे. दुसऱ्या गावचं पोरगं निवडलं गेल्याचा निरोप आला की ते पेढा वाटत आणि रात्री भाकरी अर्धी ठेवून उठत.

पारख सांगायची त्यांची एक रीत होती. ती त्यांनी आष्टीच्या बैलबाजारातून उचलली होती. बाजारात बैल विकताना त्याचा गुण सांगायचाच, पण खोडही आधी सांगायची. लाथ मारतो, दावं तोडतो, औताला जुंपला की बसतो, जे असेल ते. खोड लपवून विकलेला बैल घेणारा परत आणून बांधतो आणि चार माणसं त्याची बाजू घेतात. अण्णा तसंच करत. सामना संपला की गड्याला पारापाशी बोलवायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, एक गुण, एक खोड. दोन गुण कधी सांगत नसत, त्यानं गडी फुगतो म्हणे. दोन खोडीही सांगत नसत, त्यानं मोडतो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेत नव्या बाई बदलून आल्या. बौद्ध वस्तीत त्यांनी खोली घेतली. घरात त्या आणि त्यांचा मुलगा सिद्धार्थ, एवढीच माणसं. त्याला सगळे सिद्धू म्हणत. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल, अंगानं काटक, डोळे मोठे, बोलणं कमी. पावसानं ओढ दिली होती, पेरण्या अडल्या होत्या, त्यामुळे रिकामी पोरं दिवसभर मैदानावर. ओढ्याच्या काठाला जांभळाची झाडं होती आणि ती त्या वर्षी अशी लगडली होती की पोरांची तोंडं, हात, सदरे, सगळं जांभळं झालेलं. सिद्धू पहिल्यांदा चढाईला गेला तेव्हा मी पाराशेजारीच होते. तो आत शिरला, वळला, एकाला शिवला आणि माघारी आला, तोवर त्याचा दम जेमतेम सुरू होऊन थांबलाही होता. अण्णांनी डोळे उघडले. पाठ मात्र वळवली नाही. "कोन हाय हा?" त्यांनी मला विचारलं.

ते मग रोज त्याला ऐकत राहिले. बाकीची पोरं दम दाखवायला जात, लांबवत, छाती फुगवत, आणि त्या नादात पकडली जात. सिद्धूचा दम थोडकाच असे, पण तेवढ्यात त्याचं काम झालेलं असे. परत आला की मात्र तो लगेच रेषेमागं उकिडवा बसे, गुडघे छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून. पोरं त्याला बेडूक म्हणत. पळायची शर्यत लागली तर मध्येच असा बसे आणि पुन्हा उठून हसत येई. हे अण्णांना दिसत नव्हतं, पोरांच्या ओरडण्यावरून कळत होतं. आठवड्याभरानं त्यांनी त्याला पारापाशी बोलावलं. सगळे गोळा झाले.

"एक गुन, एक खोड," अण्णा म्हणाले. "गुन असा, की दम सरायच्या आत घरी येतो. लालूच न्हाई. असा गडी मी आजवर ऐकला नव्हता. खोड अशी, की अंगचोर हाय. औताला बसनारा बैल आन हा, बराबर सारखे. पर ही खोड घालवता येती. मी घालवीन."

सिद्धूनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो. खोड कुणाच्या लक्षात राहते? अण्णांनी 'मी घालवीन' म्हटलं, म्हणजे निवडला, एवढंच त्याला कळलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी होस्टेलची चाचणी जालन्याला होणार होती आणि आमच्या गावचा गडी जाणार होता. बाईंनाही बरं वाटलं. पोरगं आधी कुठं खेळायला जात नव्हतं, इथं येऊन माणसात आलं, असं त्या माझ्या आईला म्हणाल्या. त्या संध्याकाळी घरी अण्णांनी हे सगळं पुन्हा रंगवून सांगितलं तेव्हा आत्या वाती वळत बसली होती. ही अण्णांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असे, आणि घरात तिच्या शब्दाबाहेर चूल पेटत नसे. ती वर न बघता म्हणाली, "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई." सगळे हसले. मीही हसले. म्हणच ती, कुणीही कुणाला म्हणतं.

दुसऱ्या दिवसापासून सिद्धूचं पळणं सुरू झालं. सकाळी ओढ्याच्या काठानं टेकडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. अण्णा पारावर बसून त्याची पावलं ऐकत. पावलं थांबली की हाक मारत, "बसायचं न्हाई." तो उठे. कधी कधी उठायला वेळ लागे, मग अण्णांची हाक मोठी होई. आमच्या गोठ्यात कोंबड्यांचा कलकलाट, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि त्यात लांबून ती हाक, अशी ती सकाळ असे. पळून आल्यावर तो आमच्याकडेच जेवे. अण्णांचा हुकूम होता की गड्याला दूध, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, काही कमी पडता कामा नये. आत्याचंही काही कमी नव्हतं. तिनं त्याच्यासाठी एक ताट आणि एक पेला वेगळा काढून गोठ्याच्या फळीवर ठेवला होता. तो ओसरीच्या पायरीवर बसे, आई वरून वाढे, आणि ताट तो स्वतः धुऊन ठेवी. मैदानावर गावातली सगळी पोरं त्याला धरत, ओढत, अंगावर पडत, तो खेळच शिवण्याचा. आमच्या ओसरीवर मात्र त्याच्या हातभर जवळ कुणी जात नसे. हे मी कुणाला शिकवायला लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहिते, आणि त्यामुळे काय दिसायचं राहिलं ते पुढं येईल.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो जेवायला आला तेव्हा आत्या कुठंतरी बारशाला गेली होती. अण्णा ओसरीवर जेवत होते. आईनं येसराची आमटी केली होती. सिद्धूनं पहिला घास घेतला आणि आई त्याच्याकडे बघून म्हणाली, अरे, जेवायच्या आधी तोंड तरी धुवावं, किती जांभळं खाल्लीस. तो म्हणाला, "आज न्हाई खाल्ली मामी. आईनं सांगितल्तं, उद्याला पोट बिघडायचं म्हनून." आईला वाटलं पोरगं लबाडी करतंय. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं, पायरी उतरली आणि एका हातानं त्याची हनुवटी धरून ओठ पुसले. मलाही ती तशीच पुसत असे, खसाखसा. मग थांबली. पदर बघितला. पुन्हा पुसले. मग त्याचा हात हातात घेऊन नखं बघितली. पदराला रंगाचा ठिपकाही लागला नव्हता.

आई फार बोलणारी बाई नव्हती. ती उठून अण्णांसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आवो, हे जांभळाचं न्हाई. पोराचे ओठच तसे हाईत. नखं बी. उद्या नका नेऊ त्याला. आधी दवाखान्यात दाखवा."

अण्णांचा घास हातात राहिला. त्यांनी सिद्धूकडे पाहिलं, म्हणजे मान त्याच्याकडे वळवली. आष्टीच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून दात बघितल्याशिवाय दाव्याला हात न लावणारा हा माणूस. त्यानं त्या दिवशी त्या पोराचं तोंड किती वेळ बघितलं असेल? आमटी निवायलाही लागत नाही तितकाच वेळ. "जांभळाचा डाग दोन दोन दिस जात न्हाई," ते म्हणाले. "उद्याचा दिस जाऊ दे. मंग दाखवू." सिद्धू आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर एकच भीती होती, की आता नेणार नाहीत. अण्णा 'उद्या' म्हणाले तसा तो पुन्हा जेवायला लागला.

मला वह्या घ्यायच्या होत्या म्हणून अण्णांनी मलाही बरोबर घेतलं. लाल एसटीत सिद्धू खिडकीशी बसला होता आणि बाईंनी दिलेला नवा पांढरा बनियन त्याच्या मांडीवर घडी करून होता. बाईंची शाळा होती, त्या संध्याकाळी निकाल ऐकायला स्टँडवर येणार होत्या. जालन्याच्या त्या मैदानावर लांब मोजे घातलेली पोरं बघून मीच दबून गेले. होस्टेलच्या सरांनी अण्णांना खुर्ची दिली. अण्णांनी सवयीनं ती उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. सर हसले. आधी सगळ्या पोरांना मैदानाभोवती पळवायचं होतं, खेळ नंतर.

मी तारेच्या कुंपणाशी उभी होते. सिद्धू पहिल्या फेरीत मधोमध होता, मग मागं पडला, तरी पुरा पळाला. सगळ्यांबरोबर रेषेवर येऊन थांबला. आणि त्याचे गुडघे वाकायला लागले. मी म्हणाले, अण्णा, तो बसतोय. अण्णांनी तोंड ओढ्याकडे असावं तसं समोरच्या भिंतीकडे ठेवलं आणि जोरात हाक मारली, "सिद्धू, बसायचं न्हाई. उभा राह्य."

त्यानं ऐकलं. आमच्या दिशेला बघितलं आणि गुडघे सरळ केले. हात मांडीवर टेकवले होते तेही काढले. छाती पुढं काढून नीट उभा राहिला, फोटोला उभं राहतात तसा. मग उभाच्या उभा पडला.

त्यानंतर अण्णा उठून वळले आणि तो लांब पाय ओढत पळाले. मी त्यांना पळताना पहिल्यांदाच बघत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला पालथं-उताणं केलं, गुडघे पोटाशी दाबून धरले, नाकाशी नळी लावली, आणि बऱ्याच वेळानं तो डोळे उघडून बघायला लागला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अण्णांना बाहेर बोलावून सांगितलं की याच्या हृदयात जन्मापासून दोष आहे, अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं, म्हणून ओठ निळे. दम लागला की अशी मुलं आपोआप उकिडवी बसतात. त्यानं फुप्फुसाकडं जाणारं रक्त वाढतं, शरीर स्वतःच शोधून काढतं हा उपाय. "हा मुलगा बसतो म्हणून आजवर जगला," ते म्हणाले. "त्याला बसू द्यायचं होतं." त्यांना माहीत नव्हतं कुणी बसू दिलं नाही ते. अण्णा भिंतीला धरून उभे होते. 

बाई रात्रीच्या गाडीनं आल्या. अण्णा त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी धरलं. त्या म्हणाल्या, "मी बी ओरडायची त्याच्यावर. चारचौघांत काय बसतोस म्हनून. लहानपनापासून बसतो तो." एवढंच म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर अण्णा कदाचित पुढं नीट जगले असते.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं असं डॉक्टरांनी सांगितलं, नंबर लावला गेला, नंबर यायचा होता. तोवर सिद्धू गावातच होता. पाऊस झाला, पेरण्या झाल्या, पिकं वर आली. संध्याकाळी अण्णा त्याला हात धरून पारावर नेत. आता दोघं शेजारी शेजारी, मैदानाकडे पाठ करून. सिद्धू उकिडवा, अण्णा पाय लांब करून. मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन जाई. थोड्याच दिवसांत सिद्धूला अण्णांपेक्षा बारीक ऐकू यायला लागलं. "ह्यानं श्वास चोरला," तो पटकन म्हणे, आणि अण्णा मान डोलवत. गोठ्यातल्या फळीवरचं ते वेगळं ताट कधी गेलं मला कळलं नाही. आत्या त्याला चुलीपुढं बसवून कढी पाजू लागली होती, आणि जित्याच्या खोडीची ती म्हण तिनं पुढं मरेपर्यंत उच्चारली नाही. मीही उच्चारत नाही. दुसऱ्या कुणी सहज म्हटली तरी मी उठून आत जाते आणि सुनेला वाटतं सासूबाईंना राग आला.

एकदा खेळ संपून पोरं घरी गेल्यावर सिद्धूनं अण्णांना विचारलं, "मामा, तुम्ही म्हनाल्ते एक गुन, एक खोड. मंग माझ्यात खोड कोन्ती होती?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा मारणारं पोर नव्हतं ते. अण्णांनी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून टाकलं.  मग म्हणाले, "चल, गार पडून राह्यलंय." उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि द्यायचं ठरवलं असेल तरी वेळ मिळाला नाही. हिवाळ्यात हरभरा घाट्यात आला तेव्हा एका सकाळी सिद्धू शाळेच्या ओट्यावर, उन्हाला, गुडघे छातीशी धरून बसला होता. घंटा झाली तरी उठला नाही. बाईंनी हाक मारली नाही म्हणे. बसलाय तर बसू दे, असं त्या मुलांना म्हणाल्या आणि शिकवत राहिल्या.

बाई मग बदली घेऊन निघून गेल्या. अण्णांनी होस्टेलला पुन्हा गडी सांगितला नाही. पण मैदान त्यांनी सोडलं नाही. पारावर ते आता मैदानाकडे तोंड करून बसत, डोळे ताणून, आणि खेळायच्या आधी प्रत्येक पोराला जवळ बोलावून ओठ आणि नखं बघत. पोरं हसत, पण दाखवत. जांभळं पिकली की मात्र ते खेळच बंद करायला लावत. डाग आणि रंग यात फरक कळत नाही, झाडं रिकामी झाली की या, असं सांगत. कुणी ऐकलं नाही तर रेषेवर जाऊन आडवे पडत. आणि आमच्या घरी कुणी आलं, उंबऱ्यात उभं राहिलं, की ते कासावीस होत. बसा, आधी बसा. अण्णांच्या घरी माणसाला उभं राहू देत नाहीत, असं लोक कौतुकानं म्हणत. शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येईनात, तेव्हाही दाराकडे बघून ते सारखे म्हणत, "बस बाळा. उभा राहू नको. बस." दारात कुणी नसे. मी बाज ओढून त्यांच्या आणि दाराच्या मध्ये बसत असे, तरी ते मान काढून माझ्या मागं बघत.

आता मी जालन्यातच राहते. टीव्हीवर कबड्डी लागते, रंगीत मॅटवर, आणि माझा नातू ओरडत बघतो. मी स्वयंपाकघरातून ऐकते. एखादा गडी थोडक्यात काम उरकून परत येतो आणि त्याचा दम मध्येच थांबतो, तेव्हा माझा हात कणकेत तसाच राहतो. पुढचा आवाज येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

मागच्या जांभळाच्या दिवसांत गावी गेले होते. लिंबाचा पार सिमेंटचा झालाय. मैदान रिकामं आणि पोरं ओढ्याच्या काठाला जांभळं खात बसलेली. मी विचारलं, खेळत का नाही रे? त्यातला एक धीट होता. म्हणाला, "आज्जी, जांभळाच्या दिसात इथं खेळत न्हाईत. एका पोराचा दम ऐकू येतो. थोडाच येतो आन थांबतो. आमच्या आज्ज्यापासून असंच हाय." मला त्यांना सगळं सांगता आलं असतं. पण त्यानं सांगितलेलं इतकं बरोबर होतं की मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

मी पारावर बसले आणि त्याला जवळ बोलावलं. त्याचे ओठ, हनुवटी, सगळं जांभळं होतं. बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं, त्याची हनुवटी धरली आणि खसाखसा पुसलं. तो मान वळवत हसत होता. रंग निघाला. मग मी दुसऱ्याला जवळ बोलावलं.